ह्रस्व वेलांटी, कळफलक आणि बोटाचे टोक : देवनागरी टंकलेखनाच्या इतिहासातून कॅमेऱ्यावर चालणाऱ्या आभासी कळफलकाचा विचार

बीजसंज्ञा : देवनागरी कळफलक, टंकलेखन यंत्र, इनस्क्रिप्ट, आभासी कळफलक, बोटाच्या टोकाचा माग, ह्रस्व-दीर्घ

प्रास्ताविक

टेबलावर कळफलक छापलेला एक कागद ठेवावा, समोर साधा कॅमेरा लावावा आणि कागदावर बोटे चालवली की पडद्यावर अक्षरे उमटावीत, ही कल्पना आता नवलाची राहिलेली नाही. अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती दरवर्षी कोणत्या ना कोणत्या रूपाने येते. अशा कळफलकाला आभासी कळफलक म्हणतात. त्याचा सारा भार एकाच गोष्टीवर असतो : बोटाचे टोक कोठे आहे आणि ते पृष्ठभागाला केव्हा टेकले, हे कॅमेऱ्यातील चित्रावरून नेमके ओळखणे. या विषयावरील लेखन बहुतांशी संगणकशास्त्राच्या अंगाने झालेले आहे आणि त्यात कळफलक म्हणजे इंग्रजी कळफलक असे गृहीत धरलेले असते.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न इतिहासाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मराठी लिहिणाऱ्या बोटांना गेल्या शतकभरात तीन-चार वेगवेगळ्या यंत्रांनी वळण लावले. प्रत्येक यंत्राने देवनागरीकडे काही ना काही सवलत मागितली आणि प्रत्येक वेळी वादाच्या केंद्रस्थानी, इतर चिन्हांबरोबर, ह्रस्व वेलांटी आली. कॅमेऱ्याच्या कळफलकातही ती पुन्हा येते, हे पुढे दिसून येईल.

यंत्राच्या कळा आणि लिपीची चिन्हे

क्रिस्टोफर लॅथम शोल्स व त्याच्या सहकाऱ्यांना टंकलेखन यंत्राचे एकस्व १८६८ मध्ये मिळाले आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीचे यंत्र अमेरिकेच्या बाजारात आले. या यंत्राची रचना सव्वीस अक्षरांच्या, सुट्या सुट्या चिन्हांच्या रोमन लिपीसाठी होती. पुढे रूढ झालेल्या रूपातही सुमारे ४५ कळा, प्रत्येक कळीवर दोन चिन्हे, म्हणजे एकूण नव्वदच्या आसपास चिन्हे एवढीच त्याची धारणाशक्ती. देवनागरीची मुद्रणकला मात्र वर-खाली मात्रा आणि जोडाक्षरे यांच्यासाठी शेकडो खिळे वापरत होती. खिळ्यांची ही संख्या कमी करावी म्हणून लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या छापखान्याच्या निमित्ताने परिश्रम घेतले होते. देवनागरीच्या मुद्राक्षरांचा हा सारा पट बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) या ग्रंथात मांडला आहे. या विषयाकडे वळणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला तो ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही.

टंकलेखन यंत्राने हा पेच दोन युक्त्यांनी सोडवला. पहिली युक्ती अर्ध्या अक्षरांची. रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी यंत्रावर ख, भ, श, ण यांसारखी अक्षरे अर्धे रूप आणि काना अशा दोन ठोक्यांनी उमटत. दुसरी युक्ती अशा कळांची, ज्या दाबल्या तरी यंत्राची गाडी पुढे सरकत नसे. त्यामुळे मात्रा, अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसत. या दोन्ही युक्त्यांचा परिणाम असा की टंकलेखकाची बोटे अक्षराच्या दृश्य घटकांच्या क्रमाने चालू लागली. ‘किती’ लिहिताना ह्रस्व वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, कारण कागदावर डावीकडून उजवीकडे तोच क्रम दिसतो. उच्चारात मात्र ‘क्’ आधी आणि इकार नंतर. बोटांनी डोळ्यांचे ऐकावे आणि कानांचे ऐकू नये, असा हा करार होता.

हा करार सर्वांना मान्य नव्हता. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी, काकासाहेब कालेलकरांचे लिपिसुधारणेचे प्रयत्न, विनोबांची लोकनागरी या सर्वांमागे राष्ट्रीय एकात्मतेचा विचार होता, तसाच यंत्राच्या सोयीचाही होता. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेने तर ह्रस्व वेलांटी अक्षराच्या उजव्या बाजूस, आखूड दांड्याने लिहावी असे सुचवले. यंत्राच्या दृष्टीने ही सूचना रास्त होती. वाचकांच्या डोळ्यांना ती रुचली नाही आणि अल्पकाळातच ती मागे पडली. ह्रस्व आणि दीर्घ यांतील भेद केवळ दांड्याच्या लांबीवर सोपवणे धोक्याचे आहे हे वाचकांनी कोणत्याही सिद्धान्ताशिवाय ओळखले, असे म्हणण्यास हरकत नाही.

गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. या यंत्राच्या जोरावर महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांपर्यंत टायपिंग क्लास पोहोचले आणि मराठी ३० शब्द प्रतिमिनिट, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही प्रमाणपत्रे लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीची किल्ली ठरली. पिंपरी-चिंचवड परिसरात कारखान्यांत कायम होण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांतील कित्येक मुलामुलींनी हा रस्ता धरला. गोदरेजने २००९ मध्ये या यंत्रांचे उत्पादन थांबवले. पुढे राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षाही संगणकावर गेली. परंतु शब्द प्रतिमिनिटाचे माप कायम राहिले, आणि आभासी कळफलकाचा विचार करताना हेच माप उपयोगी पडते.

उच्चाराच्या क्रमाने चालणारी बोटे

संगणकाने लिपीचा क्रम उलटवला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली देवनागरी संगणकाचे काम झाले आणि त्यात मोहन तांबे यांचा महत्त्वाचा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. महासंगणकासाठी ही संस्था सर्वांना ठाऊक आहे. पण मराठी लेखनाच्या इतिहासात तिच्या ‘जिस्ट’ गटाचे स्थान ‘परम’ संगणकाहून कमी मानता येणार नाही. जिस्ट कार्ड साध्या संगणकात बसवले की पडद्यावर भारतीय लिपी दिसू लागत. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेला आणि १९८८ मध्ये सुधारलेला इनस्क्रिप्ट कळफलक १९९१ च्या इस्की मानकाचा भाग झाला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून आली.

इनस्क्रिप्टची रचना वर्णमालेवर आधारलेली आहे. डाव्या हाताकडे स्वर आणि स्वरचिन्हे, उजव्या हाताकडे मुख्यतः व्यंजने. महाप्राण व्यंजने आणि पूर्ण स्वर शिफ्ट कळीसह. ‘क’ दाबून मग ह्रस्व वेलांटी दाबायची. ती अक्षराच्या डावीकडे नेऊन बसवण्याचे काम संगणकाचे. म्हणजे आता बोटांनी कानांचे ऐकायचे. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या पिढीला हे फार जड गेले आणि त्यामुळेच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या संगणकप्रणालींनी जुन्या टंकलेखकांसाठी टंकयंत्राची मांडणीही उपलब्ध ठेवली. आजही अनेक कार्यालयांत दोन्ही पद्धतींचे हात शेजारी शेजारी काम करताना दिसतात.

पुढील विवेचनासाठी या मांडणीतील एक तपशील महत्त्वाचा आहे. इनस्क्रिप्टमध्ये सजातीय चिन्हे एकमेकांच्या वर-खाली ठेवली आहेत. डाव्या हाताच्या तर्जनीखाली मधल्या ओळीत ह्रस्व वेलांटी आणि तिच्या थेट वर दीर्घ वेलांटी. तिच्या शेजारी ह्रस्व उकार आणि वर दीर्घ उकार. अनामिकेखाली एक मात्रा, वर दोन मात्रा. करंगळीखाली ओकार, वर औकार. उजव्या हाताकडे हीच व्यवस्था घोष-अघोष व्यंजनांची : ‘क’च्या वर ‘ग’, ‘त’च्या वर ‘द’, ‘च’च्या वर ‘ज’, ‘प’च्या वर ‘ब’. शिकणाऱ्याच्या स्मरणासाठी ही रचना अतिशय सुबक आहे. पाणिनीय परंपरेतील वर्गीकरण कळफलकावर इतक्या नेमकेपणाने उतरलेले पाहून भाषेच्या अभ्यासकाला आनंदच व्हावा. अर्थात ही रचना करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे प्रत्येक चिन्हाखाली एक स्वतंत्र, दाबली जाणारी, बोटाला जाणवणारी कळ आहे.

कळ नाहीशी होते

ही कळ काढून टाकण्याचे प्रयत्न जुने आहेत. केंब्रिज येथील झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पियर वेलनर यांनी १९९१ मध्ये ‘डिजिटल डेस्क’ मांडला. टेबलाच्या वर कॅमेरा आणि प्रक्षेपक लावून त्यांनी बोट कोठे आहे हे कॅमेऱ्याने टिपले. बोट टेकले की नाही हे मात्र टेबलाला लावलेल्या ध्वनिग्राहकाने ठोका ऐकून ठरवले. या विभागणीत पुढील तीस वर्षांचा सारा प्रश्न सामावलेला आहे. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील कॅनेस्टा कंपनीने टेबलावर प्रकाशाने उमटणारा कळफलक दाखवला. त्यात प्रकाश जाऊन परत येण्याच्या कालावधीवरून अंतर मोजले जात होते. अशा प्रकारच्या आणखी एका पद्धतीत टेबलालगत अवरक्त किरणांचा पातळ पडदा पसरतात. बोटाने तो छेदला की तेथून परतणारा प्रकाश कॅमेऱ्याला दिसतो.

ही विशेष उपकरणे महाग होती. आपल्याकडील प्रयत्न साध्या कॅमेऱ्याकडे वळले ते त्यामुळे. मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी २०१० मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडलेली पद्धत या दृष्टीने उल्लेखनीय आहे. त्यांनी सावलीचा आधार घेतला. बोट पृष्ठभागापासून वर असेल तर बोटाचे टोक आणि सावलीचे टोक यांत अंतर राहते; बोट टेकले की दोन्ही टोके जुळतात. एका कॅमेऱ्यात खोलीचे मापन नसताना सावलीकडून खोली वसूल करण्याची ही युक्ती कमी खर्चाची आणि विचारपूर्वक केलेली आहे.

तिची मर्यादा मात्र आपल्या वर्गखोल्यांतच दिसते. आमच्याकडे विद्यार्थ्यांनी असा प्रयोग केला तेव्हा छताला चार नळीदिवे होते आणि प्रत्येक बोटाला अनेक फिकट सावल्या पडत होत्या. कोणती सावली खरी, हे माणसालाही सांगता येईना. शिवाय ५० आवर्तनांच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो आणि सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्यात त्याचे पट्टे सरकताना दिसतात. त्वचेच्या रंगावरून हात वेगळा काढण्याची जुनी पद्धतही पिवळ्या उजेडात, लाकडी टेबलावर, मेंदी लावलेल्या हातावर हमखास घसरते. मोठ्या प्रयोगशाळेतील निष्कर्ष आपल्या परिस्थितीत जसेच्या तसे उतरत नाहीत, याचे हे साधे उदाहरण आहे.

२०१९ मध्ये गूगलने ‘मीडियापाइप’ या नावाने हाताचा माग काढण्याची पद्धत खुली केली. ती प्रथम तळवा शोधते आणि मग हातावरील २१ बिंदू निश्चित करते. त्यांतील पाच बिंदू बोटांच्या टोकांचे. साध्या मोबाईलवरही ती चालते. तेव्हापासून त्वचेच्या रंगावर आणि आकाराच्या कडांवर विसंबण्याची गरज बरीच कमी झाली. आता प्रश्न सुटला, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास आढळतो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

अर्ध्या कळीचा हिशेब

नेहमीच्या कळफलकावर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. म्हणजे बोटाचे टोक ओळखण्यात साडेनऊ मिलिमीटरची चूक झाली की अक्षर बदलते. कॅमेऱ्याचे चित्र ६४० बिंदू रुंद असेल आणि त्यात १५ कळांची रुंदी, म्हणजे २८५ मिलिमीटर, पूर्ण मावत असेल तर एका कळीच्या वाट्याला साधारण ४३ बिंदू येतात. आडव्या दिशेने हे पुरेसे आहे. अडचण उभ्या दिशेची आहे.

संगणकाच्या पडद्यावर बसवलेला कॅमेरा कळफलकाकडे तिरकस पाहतो. तो ४५ अंशांतून पाहत असेल तर पृष्ठभागापासून १० मिलिमीटर वर असलेले टोक पृष्ठभागावर १० मिलिमीटर सरकलेले दिसते, म्हणजे अर्धी कळ. कॅमेरा पलीकडच्या बाजूस असल्याने हे सरकणे लिहिणाऱ्याच्या दिशेने होते : वरच्या ओळीवरील बोट मधल्या ओळीकडे ओढलेले दिसते. येथे कोणी म्हणेल की बोट टेकल्यावर उंची शून्य होईल आणि प्रश्न मिटेल. तसे होत नाही. यंत्र ज्या बिंदूला टोक म्हणते तो नखाच्या आसपास असतो आणि बोट टेकल्यावरही तो बोटाच्या जाडीमुळे काही मिलिमीटर वरच राहतो. ही जाडी अंगठ्याची वेगळी, करंगळीची वेगळी, आणि माणसागणिक वेगळी. कॅमेरा थेट डोक्यावर लावला तर स्थान अचूक मिळते, पण मग बोट टेकले की तरंगते हे दिसत नाही. बाजूने पाहिले तर टेकणे दिसते आणि स्थान सरकते. वेलनर यांनी ठोका कानाने ऐकण्याची सोय केली होती ती याच पेचावरचा उपाय म्हणून.

आता इनस्क्रिप्टची मांडणी पुन्हा आठवावी. वरच्या ओळीवरून मधल्या ओळीवर घसरण्याची चूक इंग्रजी कळफलकावर झाली तर एका अक्षराऐवजी भलतेच अक्षर येते, बहुधा निरर्थक शब्द तयार होतो आणि शब्दसंग्रहाच्या साहाय्याने तो दुरुस्त करता येतो. इनस्क्रिप्टवर हीच चूक दीर्घाचे ह्रस्व करते आणि घोषाचे अघोष करते. ‘दीन’चे ‘दिन’ होते, ‘सूत’चे ‘सुत’, ‘शीर’चे ‘शिर’. उजव्या हाताकडे ‘गाल’चे ‘काल’, ‘दार’चे ‘तार’, ‘जाळ’चे ‘चाळ’, ‘बाप’चे ‘पाप’. यांतील प्रत्येक शब्द कोशात आहे. शब्दसंग्रहाची चाळणी येथे आंधळी ठरते. १९८६ मध्ये स्मरणाच्या सोयीसाठी केलेली रचना कॅमेऱ्याच्या तिरकस नजरेपुढे नेमक्या सर्वांत दुबळ्या जागी उघडी पडते. लखनौ परिषदेच्या सूचनेत ह्रस्व-दीर्घाचा भेद दांड्याच्या लांबीवर आला होता. येथे तो काही मिलिमीटरांच्या अंतरावर आला आहे.

वेळेचा हिशेबही पाहावा. पाच कळदाबांचा एक शब्द या नेहमीच्या मापाने ३० शब्द प्रतिमिनिट म्हणजे मिनिटाला १५० कळदाब, दर ०.४ सेकंदाला एक. सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याला एका कळदाबासाठी १२ चौकटी मिळतात. ६० शब्दांच्या वेगाला सहाच मिळतात, आणि बोट प्रत्यक्ष टेकलेले असते ते त्यांतील दोन-तीन चौकटींपुरते. कॅमेऱ्यातील बिंदू थरथरतो म्हणून त्याची सरासरी घेतात. पाच चौकटींची सरासरी घेतली तर थरथर कमी होते, पण टोकाची नोंद दोन चौकटी मागे राहते आणि ठोक्याचा तळ बोथट होतो. हात स्थिर असताना जास्त आणि वेगात असताना कमी गुळगुळीत करणारी ‘वन युरो’ नावाची गाळणी २०१२ मध्ये मांडली गेली. तिने हा तोल पुष्कळ सांभाळला आहे. १९६० च्या काल्मन गाळणीचा उपयोगही पुष्कळ जण करतात. तरीही टंकलेखनाची पहिली परीक्षा उत्तीर्ण होण्याइतका वेग आणि शुद्धता साध्या कॅमेऱ्यावर साधणे हे सोपे लक्ष्य नाही.

शिफ्ट कळीचा प्रश्न आणखी वेगळा. ‘ख’, ‘थ’, ‘ध’, ‘भ’, ‘ळ’ यांसाठी एक करंगळी टेकवून ठेवावी लागते. ठोका ओळखताना खाली-वर होणारी हालचाल मदतीला असते. टेकून राहिलेल्या बोटाला हालचालच नाही, त्यामुळे ते टेकले आहे की विसावले आहे हे कळायला मार्ग उरत नाही. मराठीत ‘ळ’ची वारंवारता पाहता ही अडचण किरकोळ मानता येत नाही.

सुधारणेच्या दिशा

बोटाच्या टोकाचा माग सुधारायचा असेल तर मराठीपुरती पहिली गोष्ट चाचणीची आहे. सर्वसाधारण उताऱ्यावरील शुद्धतेची टक्केवारी फसवी असते. वर दिलेल्या जोड्यांसारख्या, एकाच चिन्हाने भिन्न होणाऱ्या शब्दांची यादी करून तिच्यावर चाचणी घेतली तर उभ्या दिशेची चूक स्वच्छ दिसेल. वापरणाऱ्याकडून आरंभी प्रत्येक बोटाने तिन्ही ओळींना स्पर्श करून घ्यावा, म्हणजे त्या त्या बोटाचे सरकणे स्वतंत्रपणे वजा करता येते. हे काम मिनिटभराचे आहे, पण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ते क्वचितच आढळते. मोबाईलच्या ध्वनिग्राहकाने ठोका ऐकण्याची वेलनर यांची युक्तीही आज फुकट उपलब्ध आहे. ती का मागे पडली याचे नवल वाटते.

दुसरी मदत व्याकरणाची. स्वरचिन्हावर स्वरचिन्ह येत नाही, हलन्ताच्या चिन्हानंतर मात्रा येत नाही, हे नियम यंत्राला सांगता येतात. त्यापुढे जाऊन मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांचा उपयोग होऊ शकतो. शब्दाच्या अंती येणारे इकार-उकार दीर्घ लिहावेत आणि अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहावेत, हे नियम लागू केले तर ‘पाणि’चे ‘पाणी’ आणि ‘विट’चे ‘वीट’ यंत्राला आपोआप करता येईल. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद सांगून ठेवावे लागतील. उपान्त्याचा नियम तत्सम शब्दांना लागू नाही, म्हणून ‘दिन-दीन’ तसेच शिल्लक राहते. तेथे वाक्याच्या संदर्भाशिवाय गत्यंतर नाही. शुद्धलेखनाच्या नियमांना जाचक म्हणणाऱ्यांनी त्यांच्या या अनपेक्षित उपयोगाकडेही पाहावे.

तिसरी दिशा मांडणी बदलण्याची. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ आणि पुढे मोबाईलसाठी ‘स्वरचक्र’ (२०१३) तयार केले. स्वरचक्रात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती स्वरांचे चक्र उमटते आणि बोट हव्या त्या दिशेने सरकवले की बाराखडीतील रूप मिळते. कॅमेऱ्याच्या दृष्टीने हे फार सोयीचे आहे. टोकाचे अचूक स्थान ओळखण्यापेक्षा त्याच्या सरकण्याची दिशा ओळखणे सोपे, आणि ह्रस्व व दीर्घ यांना भिन्न दिशा दिल्या की मिलिमीटरांचा वाद संपतो. वेग मात्र कमी होईल. दहा बोटांनी न पाहता लिहिण्याचे कौशल्य तेथे निरुपयोगी ठरते, आणि ज्यांनी त्या कौशल्यावर नोकरी मिळवली त्यांना हा सौदा पसंत पडणार नाही.

परीक्षेच्या संदर्भात एक प्रश्न आताच विचारून ठेवला पाहिजे. टंकयंत्रावर उमटलेली चूक निर्विवादपणे उमेदवाराची असे. कळ दाबली गेली होती, याचा पुरावा कागदावर होता. कॅमेऱ्याच्या कळफलकावर ‘दीन’चे ‘दिन’ झाले तर ती चूक बोटाची, कॅमेऱ्याची, की मागाहून दुरुस्ती करणाऱ्या चाळणीची, हे उत्तरपत्रिकेवरून सांगता येणार नाही. अशी साधने मूल्यमापनात आणण्यापूर्वी टोकाच्या मार्गाची कच्ची नोंद जपून ठेवण्याची तरतूद असावी.

दहा टोके गृहीत धरताना

तळवडे हे इंद्रायणीकाठचे, देहूच्या शेजारचे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे आणि त्याच्या आसपास वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांच्या रांगा आहेत. नदीपलीकडे चाकणची औद्योगिक वसाहत. एका इमारतीत कळफलकावर दहा बोटे चालतात आणि काही पावलांवरच्या शेडमध्ये पॉवर प्रेसच्या डायखाली पत्रा सरकवणारी बोटे असतात. वाहनउद्योगाच्या पुरवठासाखळीतील अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध करीत आहे. हाताची बोटे चिरडली जाणे आणि त्यास पॉवर प्रेस कारण असणे, हे त्या अहवालांतून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. या पट्ट्यात राहणाऱ्याला त्यासाठी अहवाल वाचावा लागत नाही. बसमध्ये दांडा धरलेले हात पाहिले तरी पुरते.

२१ बिंदूंचा नमुना हात पूर्ण आहे असे धरून चालतो. तर्जनीचे एक पेर नसेल तर यंत्र त्या जागी टोकाचा अंदाज करते आणि नसलेल्या टोकाने कळ दाबली असे नोंदवू शकते. टंकयंत्राला याची फिकीर नव्हती. उरलेल्या पेराने कळ दाबली तरी अक्षर उमटे, आणि आठ बोटांनी लिहिणारे टंकलेखक आपली मांडणी आपणच बसवून घेत. कॅमेऱ्याच्या कळफलकाने तेवढी मोकळीक द्यायची असेल तर आरंभीच्या जुळणीत यंत्राने ‘दहा बोटे दाखवा’ असे न म्हणता ‘ज्या टोकांनी लिहिणार ती टेकवा’ असे म्हणावे, आणि जेथे टेकणे प्रत्यक्ष दिसले तोच बिंदू टोक मानावा. पेराची लांबी, बोटाची जाडी, तिरकस नजरेचे सरकणे हे सर्व त्याच स्पर्शातून मोजता येते. वर ह्रस्व वेलांटीसाठी सुचवलेली जुळणी ती हीच. तिच्यासाठी वेगळा खर्च नाही, वेगळे उपकरण नाही. प्रेस शॉपमधून बाहेर पडून लिपिकाच्या किंवा संगणकचालकाच्या कामाकडे वळू पाहणाऱ्या कामगारासोबत तिची चाचणी घेण्यास तळवड्याइतकी जवळची जागा दुसरी शोधावी लागणार नाही.